'रनिंग आउट' म्हणजे संपतंय की गळतंय?

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावहून एका वाचकांचं पत्र आलंय. ते फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, डिस्पॅच बघतात. शिक्षण मराठी माध्यमातलं, आणि परदेशी ग्राहकांचे मेल नेमके त्यांच्याच टेबलावर येतात. पत्रातला मुद्द्याचा भाग असा:

"परवा साच्यातून धातू गळून बारा कास्टिंग वाया गेली. ग्राहकाला कळवलं, 'मेटल इज रनिंग आउट'. त्याचं उत्तर आलं, तुमच्याकडचा कच्चा माल संपत आला असेल तर आमच्या पुढच्या ऑर्डरचं काय? फाउंड्रीत तर रन-आउट म्हणजे गळणंच की! त्याच मेलमध्ये 'वुई आर लुकिंग द मॅटर' लिहिलं होतं. सॅम्पल परत पाठवायलोय म्हणून 'वुई आर सेंडिंग बॅक इट' लिहिलं. 'आय अ‍ॅम टेकिंग फॉलोअप फ्रॉम ट्रान्सपोर्टर सिन्स फोर डेज' लिहिलं. शेवटी नेहमीचं 'लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू'. साहेब म्हणतात पाचही वाक्यं चुकलीत, पण का चुकलीत ते त्यांनाही सांगता येईना. आयएनजी लागलं की पुढं अप, इन, ऑफ, फॉर यातलं काय घालायचं आणि कुठं घालायचं? याला नियम आहे की नुसतं पाठांतर?"

दोन्ही आहे. 'कुठं' याला पक्का नियम आहे आणि तो एका बैठकीत कळतो. 'काय' याला पाठांतर लागतं, पण तेही आंधळं नाही.

आधी ते मेटल. 'रन-आउट' हा फाउंड्रीतला दोषाचा शब्द बरोबरच आहे. कोप आणि ड्रॅग, म्हणजे साच्याचा वरचा आणि खालचा भाग, नीट आवळले नाहीत, वर पुरेसं वजन ठेवलं नाही, की ओतताना जोडावरून धातू बाहेर येतो, तोच हा दोष. पण तिथं ते नाम आहे. तुम्ही त्याचं क्रियापद केलंत, आणि क्रियापद झालं की इंग्रज माणूस वाक्याचा कर्ता आणि 'ऑफ'च्या पुढचा शब्द बघून अर्थ लावतो. 'वुई आर रनिंग आउट ऑफ मेटल' यात कर्ता आपण, 'ऑफ'च्या पुढं वस्तू, म्हणून अर्थ: आमच्याकडचा धातू संपत आलाय. 'द मेटल इज रनिंग आउट ऑफ द मोल्ड' यात कर्ता धातू, 'ऑफ'च्या पुढं जागा, म्हणून अर्थ: धातू साच्यातून बाहेर येतोय. तुम्ही 'ऑफ द मोल्ड' एवढं गाळलंत. मग जे उरलं, 'मेटल इज रनिंग आउट', ते वाचून त्याला साठा संपण्याशिवाय दुसरं काही सुचणं अवघडच होतं. पेट्रोल, वेळ, पैसे, सगळं याच साच्यात संपत येतं.

त्यात आणखी एक चूक दडलीय, ती काळाची. कास्टिंग परवाच वाया गेली होती. चालू काळ लिहिलात म्हणजे गळती अजून सुरू आहे असं झालं. तिथं साधा भूतकाळ हवा: 'मोल्टन मेटल रॅन आउट ऑफ द मोल्ड्स'.

आता मूळ दुखणं. अप, इन, ऑफ, ऑन हे बारके शब्द इंग्रजीत दोन वेगवेगळी कामं करतात आणि दोन्ही वेळा दिसतात सारखेच. एक काम आपल्या ओळखीचं आहे. 'टेबलावर', 'गावाकडं', 'बाबांसाठी' यात 'वर', 'कडं', 'साठी' नामाला चिकटतात. इंग्रजीत तेच नामाच्या आधी येतात, एवढाच फरक. याला प्रिपोझिशन म्हणतात. दुसरं काम मात्र नामाशी संबंध नसलेलं. तिथं हा बारका शब्द क्रियापदाचा असतो, त्याचाच अर्थ बदलतो. याला पार्टिकल म्हणतात. शाळेत आपल्याला पहिलं शिकवतात आणि दुसरं त्याच यादीत घुसडतात. घोटाळा तिथं होतो.

पार्टिकल मराठीला परकं आहे असं समजू नका. 'भाकरी खाल्ली' आणि 'भाकरी खाऊन टाकली' यात फरक काय? दुसऱ्यात ताटात काही उरलेलं नाही. 'लिहिलं' आणि 'लिहून घेतलं', 'दिलं' आणि 'देऊन टाकलं', 'बोलतोय' आणि 'बोलत सुटलाय', इथं टाकणे, घेणे, सुटणे यांचा मूळ अर्थ कुणी धरत नाही. भाकरी कुणी कुठं टाकलेली नसते. ते फक्त पहिल्या क्रियापदाला वळण देतात. इंग्रजी पार्टिकल नेमकं हेच करतं: 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'राइट डाउन' म्हणजे लिहून घेणे, 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे. 'टर्न ऑन द लाइट' यात ऑन म्हणजे दिव्याच्या वर काय आहे असा प्रश्न पडत असेल, तर 'खाऊन टाकली' मधली भाकरी आठवा.

फरक एकाच ठिकाणी आहे, आणि तुमचं आयएनजी तिथंच अडखळतं. मराठीत काळाचा प्रत्यय मदतनिसाला लागतो, म्हणजे 'खाऊन टाकतोय' मध्ये 'टाक'ला. इंग्रजीत मदतनिसाचं, म्हणजे पार्टिकलचं, रूप कधीच बदलत नाही, आयएनजी लागतं ते मुख्य क्रियापदाला: 'ईटिंग अप', 'रायटिंग डाउन', 'फॉलोइंग अप'. म्हणून 'फॉलोअपिंग', 'बॅकअपिंग', 'लॉगिनिंग' हे शब्द होत नाहीत. 'फॉलोइंग अप', 'बॅकिंग अप', 'लॉगिंग इन' असंच. आपण चुकतो त्याला कारण आहे. हे शब्द आपल्याकडं नाम म्हणून आले. आपण 'फॉलोअप घेतो', 'बॅकअप काढतो', 'पिकअप करतो', आणि मग त्या मराठी वाक्याचंच इंग्रजी करतो. तुमचं 'टेकिंग फॉलोअप' असंच जन्मलं, 'फॉलोअप घेतोय' याच्या पोटी. बरोबर रूप 'आय अ‍ॅम फॉलोइंग अप विथ द ट्रान्सपोर्टर'. ज्याच्यामागं लागलात तो माणूस असेल तर 'विथ', ज्या कामासाठी लागलात ते असेल तर 'ऑन'. लिहिताना आणखी एक: नाम असेल तर मध्ये आडवी रेघ देतात किंवा एकच शब्द करतात, क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे, रेघ नाही.

आता 'कुठं' याचा नियम. नामाच्या जागी 'इट' घालून बघा. बारका शब्द पार्टिकल असेल तर 'इट' मध्ये घुसतं. प्रिपोझिशन असेल तर त्याच्या मागं उभं राहतं. 'वुई आर सेंडिंग इट बॅक', कारण बॅक पार्टिकल. 'वुई आर लुकिंग इन्टू इट', कारण इन्टू प्रिपोझिशन. 'स्विचिंग इट ऑफ', पण 'वेटिंग फॉर इट'. 'पिकिंग हिम अप', पण 'कॉलिंग ऑन हिम'. पार्टिकलच्या बाबतीत पूर्ण नाम आलं तर मोकळीक आहे: 'सेंडिंग द सॅम्पल बॅक' चालतं, 'सेंडिंग बॅक द सॅम्पल'ही चालतं. इट, हिम, देम आले की मोकळीक संपली, ते मध्येच. नाम लांबलचक असेल तर उलट ते शेवटी ढकला. 'पावसात भिजलेल्या, लेबल निघालेल्या आठ पेट्या' असं काही असेल तर 'सेंडिंग बॅक' आधी म्हणून टाका आणि मग पेट्यांचं वर्णन करा, नाहीतर 'बॅक' येईपर्यंत वाचणारा 'सेंडिंग' विसरतो. तीन शब्दांचं क्रियापद, म्हणजे 'पुटिंग अप विथ', 'रनिंग आउट ऑफ', 'कॅचिंग अप विथ', यात मध्ये काही घुसवू नका. त्यातला शेवटचा शब्द प्रिपोझिशन असतो, नाम त्याच्या मागं.

फोनवर बोलत असाल तर कानानंही ओळखता येतं. पार्टिकलवर जोर पडतो: 'स्विचिंग इट *ऑफ*'. प्रिपोझिशनवर पडत नाही, जोर क्रियापदावर राहतो: '*लुकिंग* फॉर इट', यातला 'फॉर' जवळजवळ 'फ'वर येतो. आपण सगळे शब्द सारख्या वजनानं उच्चारतो, त्यामुळं समोरच्याला पार्टिकल ऐकूच येत नाही, आणि तो 'सॉरी?' म्हणतो.

'लुकिंग द मॅटर' मध्ये तुमचा इन्टू गळला. तो गळतो कारण मराठीत आपण 'प्रकरण बघतोय' म्हणतो आणि तिथं प्रत्यय दिसत नाही. पण 'लुक'ला स्वतःचं कर्म घेता येत नाही, मध्ये कुणीतरी लागतंच, आणि तो जो लागतो त्यावर सगळा अर्थ ठरतो. 'लुकिंग अ‍ॅट द क्रॅक' म्हणजे तडा समोर आहे, बघतोय. 'लुकिंग फॉर द क्रॅक' म्हणजे तडा सापडलेला नाही, शोधतोय. 'लुकिंग इन्टू द क्रॅक' म्हणजे तडा का गेला याची चौकशी चाललीय. 'लुकिंग आफ्टर' म्हणजे सांभाळतोय, आणि तडा कुणी सांभाळत नाही. 'लुकिंग अप' म्हणजे कोशात किंवा यादीत शोधतोय, आणि हा अप मात्र पार्टिकल आहे, म्हणून 'लुकिंग इट अप'. तक्रारीच्या मेलमध्ये 'फॉर' लिहून बसलात तर ग्राहकाला वाटेल, यांना अजून दोषच दिसलेला नाही.

'होल्ड' याहून चलाख आहे. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. असं काही कळवायचं असेल तर 'द फ्लड इज होल्डिंग अप द ट्रक', पुरामुळं गाडी अडकलीय. पण तेच 'होल्डिंग अप' कर्माशिवाय आलं, 'द पॅकिंग इज होल्डिंग अप', तर अर्थ पॅकिंग टिकून आहे, चांगली बातमी! तुम्हीच मुद्दाम माल थांबवलाय, पैसे आल्याशिवाय सोडणार नाही, तर 'वुई आर होल्डिंग बॅक द शिपमेंट'. निर्णयच घेतलेला नाही, थोडं थांबून बघतोय, तर 'होल्डिंग ऑफ'. पॅकिंगचं सोडलं तर बाकी तीनही वेळा आपण मराठीत 'माल थांबलाय' नाहीतर 'थांबवलाय' म्हणू. इंग्रजीत दोष कुणाचा हे पार्टिकल सांगतं, म्हणून इथं जपून.

कोल्हापूरकरांसाठी एक खास खड्डा आहे. इथं चालू काळ 'करायलोय', 'पडायलाय', 'यायलेत' असा होतो. मुळात ते 'करायला लागलोय', आणि पुण्यामुंबईकडं 'करायला लागलो' म्हणजे 'सुरुवात केली'. आपल्याकडं तो निव्वळ चालू काळ आहे, पाऊस सकाळपासून धो धो पडत असला तरी आपण 'पाऊस पडायलाय'च म्हणणार. पण इंग्रजी करताना 'लागलोय' डोक्यात जागं होतं आणि मेलमध्ये 'वुई हॅव स्टार्टेड टु चेक' असं येतं. ग्राहकाचा समज होतो की आठवडाभर काहीच झालं नव्हतं, आत्ता कुठं हात लागलाय. 'करायलोय' म्हणजे साधं 'वुई आर चेकिंग'. 'स्टार्ट' खरंच सुरुवात सांगायची असेल तरच.

कुठल्या पार्टिकलला चालू काळ मानवतो हेही बघण्यासारखं आहे. अप, आउट, ऑफ यांत बहुधा शेवट दडलेला असतो: 'युझिंग अप' म्हणजे वापरून संपवणं, 'फिलिंग अप' म्हणजे काठोकाठ भरणं. त्यांना आयएनजी लावलं की अर्थ होतो, त्या शेवटाकडं चाललोय, अजून पोचलो नाही. 'वुई आर फिलिंग अप द कंटेनर' म्हटलं म्हणजे कंटेनर अजून भरलेला नाही. म्हणून काम झालं असेल तर चुकूनही आयएनजी नको. मराठीतही 'खाऊन टाकली' सहज येतं, 'खाऊन टाकतोय' त्या मानानं कमी. उलट ऑन आणि अवे यांना चालू काळ घरच्यासारखा आहे, कारण त्यांच्यात मुळातच चालू राहणं आहे. 'चॅटिंग अवे' म्हणजे गप्पा मारत बसलेत. 'रॅटलिंग ऑन' म्हणजे बोलत सुटलाय. 'गोइंग ऑन' म्हणजे चालू आहे, आणि यातला ऑन विसरू नका: 'पॅकिंग इज गोइंग' म्हटलं तर पॅकिंग कुठंतरी निघालंय. 'पॅकिंग इज गोइंग ऑन' म्हणा, किंवा सरळ 'वुई आर पॅकिंग', तेच बरं. मशीन चालू असेल तर मात्र 'रनिंग' किंवा नुसतं 'ऑन'. दिवा आणि पंखा 'ओपन' किंवा 'क्लोज' करू नका. 'टर्निंग ऑन', 'टर्निंग ऑफ'.

'सिन्स फोर डेज' ही चूक तुमची नाही, 'पासून'ची आहे. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'चार दिवसांपासून' दोन्हीकडं एकच 'पासून'. इंग्रजी इथं दोन शब्द ठेवते. सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स': सिन्स मंडे, सिन्स २०१९, सिन्स धिस मॉर्निंग. लांबी असेल, म्हणजे बोटं मोडून मोजता येत असेल, तर 'फॉर': फॉर फोर डेज, फॉर टू अवर्स. आणि या दोघांबरोबर अजून चालू असलेलं काम सांगायचं तर 'आय अ‍ॅम' चालत नाही, 'आय हॅव बीन' लागतं: 'आय हॅव बीन फॉलोइंग अप फॉर फोर डेज'. कारण काम मागं सुरू झालं आणि आत्तापर्यंत आलं, आणि 'अ‍ॅम'ला मागचं दिसत नाही.

'पर्यंत'चंही असंच. 'सहापर्यंत पॅकिंग चालू असेल' आणि 'सहापर्यंत पॅकिंग होईल' यात आपण एकच 'पर्यंत' वापरतो. चालू राहणार असेल तर 'टिल': 'वुई विल बी पॅकिंग टिल सिक्स'. सहाच्या आत उरकणार असेल तर 'बाय': 'वुई विल फिनिश पॅकिंग बाय सिक्स'. ट्रकवाल्याला 'वुई आर पॅकिंग टिल सिक्स' कळवलंत तर तो साडेपाचला येणार नाही, सहा वाजून गेल्यावर येईल. 'दहा मिनिटांनी निघतोय' याला 'आफ्टर टेन मिनिट्स' नको, 'आय अ‍ॅम लीव्हिंग इन टेन मिनिट्स'.

काही क्रियापदांना बारका शब्द लागतच नाही, आणि आपण मराठी प्रत्ययाच्या ओढीनं घालतो. 'बद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कसिंग अबाउट'. नको, 'डिस्कसिंग द रेट'. 'कोल्हापूरला पोचतोय' म्हणून 'रीचिंग टु कोल्हापूर'. नको, 'रीचिंग कोल्हापूर'. 'त्याला सांगतोय' म्हणून 'टेलिंग टु हिम'. नको. 'शी लग्न' म्हणून 'मॅरीइंग विथ'. नको. 'अवेटिंग फॉर' नको, 'अवेट'च्या पोटात 'फॉर' आहे. 'वेट'च्या नाही, म्हणून 'वेटिंग फॉर युवर रिप्लाय'. 'कोपिंग अप विथ' मधला अप फुकटचा. याच्या उलट 'लिसनिंग'ला 'टु' हवाच, आणि 'एक्सप्लेनिंग मी' होत नाही, 'एक्सप्लेनिंग इट टु मी'. यातले तुमच्या रोजच्या मेलमध्ये येणारे आठदहाच निघतील. तेवढे भिंतीवर लावा.

प्रश्नार्थक वाक्यात बारका शब्द शेवटी एकटा पडतो आणि आपण त्याला विसरतो. 'व्हॉट आर यू वेटिंग फॉर?', 'हू इज ही टॉकिंग टु?', 'व्हिच कंपनी आर यू वर्किंग फॉर?' शेवटचा शब्द काढलात तर वाक्य लंगडं. प्रिपोझिशननं वाक्य संपवू नये असं कुणी सांगितलं असेल तर तो जुना आग्रह आहे. कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या वाक्यांवर असा आक्षेप घेतला होता, तेव्हापासून तो चिकटलाय. इंग्रज लोक बोलताना तो पाळत नाहीत, तुम्हीही पाळू नका. कर्मणी वाक्यातही हेच: 'युवर कंप्लेंट इज बीइंग लुक्ड इन्टू'. इन्टू शेवटी लोंबकळतोय, वाचायला चमत्कारिक वाटतं, पण बरोबर तेच आहे. 'इज बीइंग लुक्ड' वर थांबलात तर तक्रारीचं काय होतंय ते कळतच नाही. ज्यांना ते लोंबकळणं सहन होत नाही त्यांनी 'वुई आर लुकिंग इन्टू युवर कंप्लेंट' लिहावं, आमच्या मते तेच जास्त भरवशाचं वाटतं.

'लुकिंग फॉरवर्ड टु हिअर' मधला 'टु' फसवा आहे. तो 'टु गो', 'टु ईट' मधला 'टु' नव्हे. तो प्रिपोझिशन आहे, आणि प्रिपोझिशनच्या मागं क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येतं. ओळखायचं पुन्हा 'इट'नं: 'लुकिंग फॉरवर्ड टु इट' म्हणता येतं, म्हणजे 'टु हिअरिंग'. 'वाँट टु इट' म्हणता येत नाही, म्हणजे तिथं 'टु हिअर'. याच न्यायानं 'थिंकिंग ऑफ चेंजिंग', 'इन्सिस्टिंग ऑन पेइंग', 'गेटिंग युझ्ड टु वर्किंग'. औपचारिक मेलमध्ये 'आय लुक फॉरवर्ड' जास्त चालतं, 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड' जरा सलगीचं. चूक दोन्ही नाहीत.

काही जोड्या आयएनजी घेतच नाहीत, कारण त्यात घडणं नसतं, असणं असतं. 'द लॉट कन्सिस्ट्स ऑफ', 'धिस बिलाँग्ज टु अस', 'इट डिपेंड्स ऑन द रेट'. 'इज डिपेंडिंग ऑन' फक्त माणसावर भिस्त ठेवताना: 'वुई आर डिपेंडिंग ऑन यू'. 'आय कम फ्रॉम कोल्हापूर' म्हणजे मी कोल्हापूरचा. 'आय अ‍ॅम कमिंग फ्रॉम कोल्हापूर' म्हणजे मी वाटेत आहे, चहा टाका. परदेशी पाहुण्याला न्यायला गेलात आणि ओळख करून देताना दुसरं वाक्य म्हटलंत, तर तो घड्याळाकडं बघेल. त्याला केएमटीनं आणायचं असेल तर 'गेटिंग ऑन द बस' आणि 'गेटिंग ऑफ', रिक्षानं असेल तर 'गेटिंग इन' आणि 'गेटिंग आउट'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ऑन-ऑफ, जिथं वाकून बसायचं त्याला इन-आउट. दुचाकीवर स्वार व्हायचं, म्हणून तिलाही ऑन-ऑफच.

पाठांतराचं आता. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी काढलेले इंग्रजी-इंग्रजी कोश मोबाइलवर फुकट आहेत, ऑक्सफर्डचा, केंब्रिजचा, लाँगमनचा. इंग्रजी-मराठी कोश या कामाला पुरत नाही, कारण त्यात जागा दाखवलेली नसते. या कोशांत क्रियापदाबरोबर 'समथिंग' असा शब्द, बहुतेक वेळा आखूड करून, छापलेला असतो. तो कुठं छापलाय ते बघा. 'पुट समथिंग ऑफ' असा मध्ये असेल तर पार्टिकल, 'लुक फॉर समथिंग' असा शेवटी असेल तर प्रिपोझिशन. वर सांगितलेली 'इट'ची सगळी कसरत कोशानं आधीच करून ठेवलेली असते.

वहीत 'लुक: अ‍ॅट, फॉर, इन्टू, आफ्टर' अशी यादी करू नका. यादीतले शब्द एकमेकांत मिसळतात आणि ऐन वेळी हवा तो सोडून दुसराच हाती येतो. त्याऐवजी तुमच्या पाठवलेल्या मेलमधून आयएनजीची वाक्यं काढा. एका वेळी तीन पुरेत. प्रत्येक वाक्य एकदा पूर्ण नामासकट आणि एकदा 'इट' घालून लिहा, मग मोठ्यानं वाचा, पार्टिकल असेल तर त्यावर जोर देऊन. पंधरा दिवसांनी तुमच्या कामाचे बहुतेक सगळे जोड एकदा हाताखालून गेलेले असतील, कारण डिस्पॅचच्या मेलमध्ये माणूस तीच तीच क्रियापदं वापरतो. लिहिताना 'पुट', 'रन', 'शिप', 'सेट' यांचं शेवटचं अक्षर आयएनजीआधी दोनदा येतं, 'सेंड', 'लुक', 'लोड' यांचं नाही. एवढंही बघा.

तुमचा मेल आता असा जाईल: 'ट्वेल्व कास्टिंग्ज वेअर स्क्रॅप्ड बिकॉज मोल्टन मेटल रॅन आउट ऑफ द मोल्ड्स. वुई आर लुकिंग इन्टू द कॉज. अ‍ॅज फॉर द सॅम्पल, वुई आर सेंडिंग इट बॅक. आय हॅव बीन फॉलोइंग अप विथ द ट्रान्सपोर्टर फॉर फोर डेज. आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू.'

पण हा पाठवायच्या आधी एक ओळ वेगळी पाठवा, कारण त्या ग्राहकाला अजून वाटतंय की तुमच्याकडचा माल संपत आलाय: 'वुई हॅव इनफ मेटल इन स्टॉक.' यात ना आयएनजी आहे, ना पार्टिकल.